लेख अडवून ठेवायचा, तर उत्तराची तारीखही द्या

महोदय,

विधी शाखेतील अध्यापनातून निवृत्त झालो असलो, तरी दांडिया बाजारातल्या माझ्या घरी अजूनही काही विद्यार्थी आपापल्या शोधनिबंधांचे खर्डे घेऊन येतात. त्यांतील दोघांना कायदेविषयक नियतकालिकांकडून जो अनुभव आला, तो प्रातिनिधिक असल्याने हे पत्र लिहीत आहे.

पहिलीने बडोदे संस्थानाच्या 1931 च्या घटस्फोटाच्या कायद्यावर लिहिले. हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये आला. त्याच्या चोवीस वर्षे आधी सयाजीरावांच्या राज्यात हिंदूंना कायद्याने काडीमोड घेता येत होता, हे आज बडोद्यातल्या वकिलांनाही सांगावे लागते. (संस्थानात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, त्यामुळे आपण निबंधावर शोधनिबंध लिहीत आहोत, असे ती हसून सांगे.) जुन्या ‘आज्ञापत्रिके’चे, म्हणजे संस्थानाच्या राजपत्राचे, अंक चाळून, मराठी आणि गुजराती मजकूर ताडून तिने निबंध सिद्ध केला. नियतकालिकाने सांगितल्याप्रमाणे तळटीपा ब्लूबुक या संदर्भलेखनाच्या अमेरिकन नियमपुस्तिकेच्या पद्धतीने घातल्या; त्या साच्यात संस्थानी आज्ञापत्रिका कशी बसवायची, यातच आमचे दोन रविवार गेले. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून नाव काढले, फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले नावही पुसले, आणि ‘हा लेख अन्यत्र विचाराधीन नाही व आपला निर्णय येईपर्यंत अन्यत्र पाठवणार नाही’ अशा हमीपत्रावर सही करून तो रवाना केला.

आठ महिने काहीही कळले नाही. दोन स्मरणपत्रांना उत्तर आले नाही. नवव्या महिन्यात एका ओळीत कळवण्यात आले की इतर छापील मजकुराशी साधर्म्य 23 टक्के असल्याने लेख परीक्षणाला पाठवताच येत नाही. हे साधर्म्य कशाचे होते? अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन उद्धृत केलेल्या कलमांचे आणि न्यायनिर्णयांतील उताऱ्यांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजणीतून वगळावा असेही त्यांतच म्हटले आहे. कायद्याच्या लेखात कलम स्वतःच्या शब्दांत लिहिणे हा तर दोष ठरावा. पण तो वाद बाजूला ठेवू. संगणकावरची ही तपासणी काही मिनिटांची असते. ती पहिल्याच आठवड्यात करून लेख परत केला असता, तर आमची काही तक्रार नव्हती.

तिचा विषय जुना असल्याने निदान शिळा झाला नाही. दुसऱ्याचे नशीब तेवढेही नव्हते. प्रथम खबर (एफआयआर) नोंदवण्याच्या पोलिसांच्या कर्तव्यावर, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 वर, त्याने लिहिलेला लेख एका ठिकाणी असाच पडून राहिला, आणि 1 जुलै 2024 रोजी ती संहिताच गेली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो विषय कलम 173 मध्ये आला, तोही जसाच्या तसा नाही. काही गुन्ह्यांत खबर नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा त्यात नव्याने आली आहे. लेखाचा निम्मा युक्तिवाद पुन्हा मांडावा लागला. कायद्यावरचा लेख असा एका अधिसूचनेने किंवा एका निकालाने रात्रीत जुना होतो, याची जाण इतरांना नसली तरी कायद्याच्या नियतकालिकांना असायला हवी.

या दुखण्याचे मूळ मला असे दिसते. अमेरिकेत विधी नियतकालिके बहुतांशी विद्यार्थीच संपादित करतात. तिथे एकच लेख एका वेळी अनेक ठिकाणी पाठवता येतो, आणि एकीकडून होकार आला की लेखक इतरांना मुदत देऊन निर्णय मागू शकतो. इंग्लंडात लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, पण तो सहसा प्राध्यापक वाचतात. आपल्याकडील अनेक नियतकालिकांनी विद्यार्थी-संपादक अमेरिकेकडून उचलले आणि एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन इंग्लंडाकडून. संपादक मंडळ वर्षाला बदलते, जुन्यांची परीक्षा येते, आधी काय टपाल आले आहे हे नव्यांना ठाऊक नसते, आणि लेख दोन मंडळांच्या मधल्या फटीत पडतो. त्या विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. विनावेतन, अभ्यास सांभाळून ते हे काम करतात. दोष त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या आम्हा अध्यापकांचा आहे, आणि सेवेत असताना मीही याकडे लक्ष दिले नव्हते.

याच फटीतून पैसे घेऊन छापणारी नियतकालिके आत शिरतात. निराश झालेल्या माझ्या विद्यार्थ्याने तोच लेख अशा एका ठिकाणी पाठवला, तर चौथ्या दिवशी ‘तज्ज्ञ परीक्षणानंतर स्वीकृत’ असे पत्र आणि पैसे भरण्याचा तपशील आला. कलमाचा क्रमांक बदलल्याचे त्या तज्ज्ञांच्या ध्यानात आले नव्हते. आयोगाने 2022 पासून पीएच.डी.साठी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली, आणि मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 च्या आरंभी बंद करून पारख करण्याचे काम संस्थांवर सोपवले. नेमणुकीत आणि पदोन्नतीत लेख मात्र मोजले जातातच, त्यामुळे घाई कमी झालेली नाही.

म्हणून बडोद्यातील व गुजरातेतील विधी महाविद्यालयांना माझी एकच विनंती आहे. आपापल्या नियतकालिकासाठी लेख मागवताना ‘अन्यत्र पाठवू नये’ ही अट घालायची असेल, तर तिच्याच खाली निर्णयाची तारीख छापावी, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर न मिळाल्यास लेखकाला वेगळी परवानगी न मागता लेख अन्यत्र पाठवता येईल, असे स्पष्ट लिहावे. करार शिकवणाऱ्यांना हे अवघड नसावे. प्रस्ताव ठेवणाऱ्याला तो स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो, हे भारतीय संविदा अधिनियमात 1872 पासून आहे. साठ दिवस पुरेत असे मला वाटते. सविस्तर अभिप्राय नंतर सावकाश द्यावा. आधी लेख परीक्षणाला जाणार की नाही, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

1931 च्या कायद्यावरचा तो शोधनिबंध सध्या तिसऱ्या ठिकाणी आहे. पोच आली आहे. तारीख विचारली, तिचे उत्तर अजून आलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विधी-अध्यापक,
दांडिया बाजार, बडोदे