घरातल्या व्यवसायाला नोटीस देताना त्रास कोणता ते सांगा

मा. संपादक,

निवासी भागात घरातून कोणता व्यवसाय करता येईल, हे बऱ्याच ठिकाणी अजून धंद्याच्या नावावरूनच ठरते. माझ्या शेजारच्या ताई आतल्या खोलीत एका मशिनवर कपडे शिवतात. दार लावले की आवाज जिन्यातही येत नाही. दिवसाकाठी दोन-चार गिऱ्हाइके, तीही उभ्या उभ्या माप देऊन जाणारी. तरी त्यांना नोटीस आली, कारण मान्य व्यवसायांच्या यादीत शिवणकाम नाही. वरच्या मजल्यावरच्या सल्लागारांकडे सकाळपासून माणसांची रीघ असते, फाटकात गाड्या आडव्या लागतात. पण त्यांचा व्यवसाय यादीत आहे, त्यामुळे त्यांना कुणी हटकत नाही. हा उघड अन्याय आहे.

झोनिंगच, म्हणजे शहराच्या कोणत्या भागात काय चालावे हे ठरवणारे नियमच, मोडीत काढा, असे मी म्हणत नाही. धूर, खडखडाट आणि अवजड वाहने घरांपासून लांब राहावीत ही अपेक्षा रास्तच आहे, आणि रात्री शांत झोप मिळणे हा शेजाऱ्यांचा हक्क आहे. पण नुसत्या याद्यांनी हे साधत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१६ पासून झोनिंग आहे. तिथल्या घरगुती व्यवसायांच्या नियमांत केशकर्तनालय, ब्युटी पार्लर, इतकेच काय, अंतर्गत सजावटकाराचे कार्यालयही नाव घेऊन वगळलेले होते. कागदावर रेखाटने करणाऱ्या माणसाचा शेजाऱ्याला कसला उपद्रव? शेवटी २०२४ मध्ये त्या शहराने हे नियम सैल केले.

इंग्लंडमधली कसोटी मला जास्त पटते. घर मुख्यतः राहण्यासाठीच वापरात आहे का, वर्दळ लक्षात येण्याइतकी वाढली का, आवाजाचा किंवा वासाचा शेजाऱ्यांना त्रास होतो का, हे तिथे पाहतात. ही कसोटी लावली तर ताईंचे मशिन खुशाल चालेल, आणि वरच्या मजल्यावरच्या गर्दीबद्दल मात्र विचारणा होईल.

पूर्ण नियमावली बदलायला वेळ लागेल, हे मान्य. तोवर निदान एवढे व्हावे : नोटिशीत नेमका त्रास कोणता, कोणत्या वेळी आणि कुणी जाऊन पाहिला, हे लिहिणे सक्तीचे करावे. तो दूर करायला मुदत द्यावी. आणि त्रासच सापडला नाही, तर नोटीस लेखी मागे घ्यावी. तोंडी 'चालू द्या' म्हटल्याने कुणाच्या मानेवरची टांगती तलवार उतरत नाही. ताईंनी त्या भीतीपोटी नवे काम घेणे थांबवले आहे.

— एक वाचक