सदाफुलीच्या पानांवर साखर सोपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांचं सदर असतं. काही आठवड्यांपूर्वी त्यात आलं होतं की, रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पानं चावून खाल्ली तर साखर आटोक्यात राहते. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात सदाफुलीला तोटा नाही. वैशाखात बाकी सगळं करपतं, ती फुललेलीच असते. पानं सुरू झाली आणि ‘आता कशाला’ म्हणून गोळ्या बंद झाल्या. तीन आठवड्यांनी चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा साखर चारशेच्या वर होती आणि पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. अंगठा वाचला. पण ते चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

मी अकरावी-बारावीला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

सदाफुली साखरेवर चालते ही समजूत वेस्ट इंडिजमध्येही होती. तिकडे लोक तिच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली अशी पंचवीस पानं जमैकातून कॅनडात आली आणि रॉबर्ट नोबल या संशोधकांच्या हाती पडली. अर्क उंदरांना पाजला, तर साखर जागची हलली नाही. टोचून दिला तेव्हा मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. नोबल यांना वाटलं, ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हे उपयोगी पडेल. रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी त्या पाल्यातून नेमका पदार्थ वेगळा काढला, तो विन्ब्लास्टीन. ही गोष्ट १९५८ची. पाठोपाठ आलेलं विनक्रिस्टीन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. या दोन रेणूंत फरक केवढा? एका नायट्रोजनवर मिथाइल या अणूंच्या छोट्या गटाच्या जागी फॉर्माइल हा दुसरा गट, बस्स. तेवढ्याने औषधाचा उपयोगही बदलतो आणि त्रासही.

ही दोन्ही अल्कलॉइडे. म्हणजे नायट्रोजन असलेली, चवीला बहुधा कडू आणि स्वभावाने अल्कधर्मी द्रव्यं, जी वनस्पती बऱ्याचदा कीड आणि जनावरं दूर ठेवायला तयार करतात. आम्लाशी संयोग झाला की त्यांचे पाण्यात विरघळणारे क्षार होतात. औषधाच्या बाटलीवर नावापुढे ‘सल्फेट’ दिसतं ते त्यामुळे. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून न्यायला जे सूक्ष्म धागे लागतात, ते विनक्रिस्टीन तयारच होऊ देत नाही. मागावरचा ताणाच काढून घ्यावा, तसं. पण तसलेच धागे आपल्या नसांतही असतात. म्हणून या औषधाने हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत.

चार पानांत विनक्रिस्टीन नगण्य असतं; त्याने कुणाच्या नसा जातील असं मी म्हणत नाही. पण सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइडे आहेत. कुठल्या पानात कुठलं किती, हे जमीन, ऋतू आणि झाडाचं वय यांवर ठरतं. ‘चार पानं’ हे माप होत नाही. मधुमेहात पाय आधीच बधिर होत असतात, अशा माणसाला हा प्रयोग करायला सांगायचा?

शेजारचंच उदाहरण घ्या. श्रावणात सिद्धेश्वराच्या देवळात आपण धोत्र्याची फळं वाहतो. बी पोटात गेली तर तोंड कोरडं पडतं, बुबुळं विस्फारतात, माणूस बरळू लागतो. त्याच कुळातलं अ‍ॅट्रोपिन, मिलिग्रॅमच्या हिशोबात मोजून, कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला जगवतं. द्राक्ष-डाळिंबाच्या आपल्या जिल्ह्यात हे इंजेक्शन किती मोलाचं आहे, ते फवारणी करणाऱ्या घरांना विचारा. म्हणून त्या शेतकऱ्याला धोत्र्याच्या बिया खा असं आपण सांगत नाही.

सदराने हा उपाय ‘आयुर्वेदातला’ म्हटला होता, त्याचं जास्त वाईट वाटलं. सदाफुली मूळची मादागास्करची. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती येईल कुठून? ज्या वैद्यकाने मात्रा आणि अनुपान, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचं, याचा एवढा बारीक विचार केला, त्याच्या नावावर हे खपवू नये. मला आपल्या वनस्पतींचा अभिमान आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला, तो रुग्णांवर तपासून, नोंदी ठेवून. हे मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगत असे.

माझी मागणी एवढीच: असा मजकूर छापण्याआधी तो एखाद्या डॉक्टरांना किंवा पदवीधर वैद्यांना दाखवावा, आणि सुरू असलेली औषधं बंद करू नयेत हे वाक्य ठळक अक्षरांत असावं. या उपायाची दुरुस्तीही छापावी, आतल्या कोपऱ्यात नव्हे, त्याच सदरात, त्याच जागी. जाऊबाई दवाखान्यातून आल्या तरी कात्रण अजून काढू देत नाहीत. पेपरात आलं तरच काढीन, म्हणतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर