केंग आणि टाळ

नान, उत्तर थायलंड
२८ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तर रोज मनात लिहीत होतो, कागदावर आज उतरतंय. शेवटच्या ओळीत तू विचारलं होतंस, "तिथल्या लोकांचे देव सोडवायला गेलायस का रे?" मला राग आला नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित आला असता. पण आपण एकाच गल्लीत वाढलो. तुमच्या ओट्यावरचा हरिपाठ मला पाठ होता आणि आमच्या घरची नाताळची भजनं तुला. तेव्हा तुला उडवाउडवीचं उत्तर देणार नाही.

मी इथं डोंगरातल्या मुलांच्या वसतिगृहात गणित शिकवतो. वसतिगृह मंडळीचं, म्हणजे इथल्या चर्चचं आहे, मुलं बहुतेक हमोंग या डोंगरी जमातीची. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तेही हमोंगच. इथं गोरा मिशनरी मी अजून पाहिलेला नाही. आणि गोष्ट सुरुवातीपासूनच बरीचशी अशी आहे, हे मला इथं येऊन कळलं. लाओसच्या शियांग खुआंग प्रांतात १९५० साली हमोंग लोक हजारोंनी ख्रिस्ती झाले. तिथं अँड्रियानॉफ नावाचं अमेरिकन जोडपं काम करत होतं, पण गावोगाव फिरला तो नाय खेंग, शेजारच्या खमू जमातीचा तरुण. व्हिएतनामात तर माणूससुद्धा गेला नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी मनिलाहून रेडिओवर हमोंग भाषेत शुभवर्तमान ऐकू येऊ लागलं. डोंगरात लोक रेडिओभोवती गोळा होऊन ऐकत. आज तिथं सुमारे ३ लाख हमोंग ख्रिस्ती आहेत. सरकारने वर्षानुवर्षे दडपलं, श्रद्धा सोडल्याचं लिहून द्यायला लावलं, तरी.

लोक का वळले, हे मी म्हाताऱ्यांना विचारत असतो. स्वर्ग-नरकाची गोष्ट क्वचितच निघते. "भीती गेली," असं सांगतात. आजार आला की एखादा दा, म्हणजे भूत किंवा दैवत, रागावलेलं असायचं. मग त्सी नेंगला बोलवायचं, आपल्याकडे देवऋषी असतो ना, तसा. कोंबडी, मग डुक्कर, फारच झालं तर बैल. बरं नाही वाटलं तर पुन्हा. एका आजोबांनी मला बोटांवर मोजून दाखवलं, थोरल्या मुलाच्या तापात किती डुकरं गेली ते. मुलगा गेलाच, वर कर्ज राहिलं. अशा माणसाला येऊन कुणी सांगितलं की एकच देव आहे, तो या सगळ्यांहून मोठा आहे आणि तो डुक्कर मागत नाही, तर त्याला केवढं मोकळं वाटलं असेल! याला "देव सोडवणं" म्हणायचं असेल तर म्हण. मला ते माणूस सोडवणं वाटतं.

दुसरी देणगी अक्षरांची. तू भाषेचा मास्तर, म्हणून हे नीट सांगतो. हमोंगांची जुनी कथा आहे की त्यांचा एक ग्रंथ होता, चीनमधून पळताना नदीत बुडाला. कुणी सांगतं घोड्यांनी खाल्ला. त्यामुळे लिपीची हुरहूर पिढ्यानपिढ्या होती. १९०४ साली यांचेच भाऊबंद असलेले चार जण चीनमधल्या चाओथुंग गावी सॅम्युएल पोलार्ड या मिशनऱ्याच्या दाराशी आले, आम्हाला वाचायला शिकवा म्हणून. मागून शेकडो आले. पोलार्डने त्यांच्या भाषेला लिपी करून दिली, आणि लोक म्हणाले, हरवलेला ग्रंथ सापडला. १९१५ मध्ये विषमज्वराच्या साथीत आजाऱ्यांची शुश्रूषा करताना तो गेला.

इथली मुलं लिहितात ती पद्धत मात्र लाओसमध्ये १९५१ ते ५३ दरम्यान बसली. बार्नी आणि स्मॉली हे दोन प्रोटेस्टंट मिशनरी, बर्त्रे हे कॅथलिक फादर, आणि त्यांच्याबरोबर बसलेले हमोंग लोक. एरवी एकमेकांची पायरी न चढणारे दोन पंथ एका भाषेपायी एकत्र बसले, याचं मला फार अप्रूप वाटतं. अक्षरं रोमन, पण या भाषेला सूर आहेत आठ. ते दाखवायला शब्दाच्या शेवटी एक व्यंजन लावतात, जे उच्चारायचं नसतं. "पॉ" एवढाच शब्द घे. सूर बदलला की चेंडू, फेकणं, काटा, पाहणं, आणि वडिलांची आई.

आल्या आल्या शेजारच्या आजींना मी "पॉ" अशी हाक मारली. त्यांनी माझा हात हातात घेतला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तोच शब्द खालच्या, श्वास सोडल्यासारख्या सुरात म्हणून दाखवला. तीनदा. गळ्याची थरथर बोटांना कळली तेव्हा माझ्या तोंडून आजी नीट निघाली. तोवर मी त्यांना काटा म्हणत होतो. त्या दिवसापासून त्या माझ्याही पॉ झाल्या. रोज एक वाटी मोहरीच्या पाल्याचा रस्सा यायचा.

त्या पॉ याच महिन्यात गेल्या. पत्राला उशीर त्यामुळे झाला, आणि तुझ्या प्रश्नाचं अवघड उत्तरही तिथंच आहे.

हमोंगांच्या मयतीत केंग वाजतो. बांबूच्या सहा नळ्या, एका लाकडी पेटीत बसवलेल्या, तोंडाने फुंकायचं वाद्य. पण ते नुसतं वाद्य नाही. भाषेचे सूर त्याच्या सुरांत उतरतात, म्हणजे केंग अक्षरशः बोलतो, आणि ज्याला कळतं त्याला शब्द ऐकू येतात. मयतीत वाटेचं गाणंही असतं. गेलेल्या माणसाला ते मागे मागे नेतं, जिथं जिथं राहिला त्या प्रत्येक गावाचं नाव घेत, थेट जन्मघरापर्यंत. तिथं त्याची वार, जन्मानंतर नाळेबरोबर पडते ती, पुरलेली असते. वारेला यांच्या भाषेत अंगरखा म्हणतात. तो पहिला अंगरखा घालूनच पूर्वजांकडे जायचं.

पॉ ख्रिस्ती होत्या, त्यांचे यजमानही. वीस वर्षांपूर्वी दोघांचा बाप्तिस्मा झाला. बाबा त्याआधी दहा गावांत नावाजलेले केंगवाले. बाप्तिस्म्याच्या दिवशी भिंतीवरचं घरच्या दैवताचं स्थान काढलं, कोंबडीची पिसं चिकटवलेला तो कागद चुलीत गेला. केंग मात्र त्यांनी जाळला नाही. कापडात गुंडाळून आढ्याला बांधून ठेवला. त्यानंतर तो वाजला नाही. इथल्या मंडळीत त्याला परवानगी नाही, कारण तो मेलेल्यांशी बोलतो.

मयतीची उपासना चांगली झाली, खोटं कशाला सांगू. पाळक पुनरुत्थानावर मनापासून बोलले, मुलींनी गायलं, कुणी घाबरलेलं नव्हतं. पण गाण्याची चाल परदेशातली होती. आणि ज्या बाई शियांग खुआंगला जन्मल्या, १९७५ नंतर लाओस सोडून, पाठीवर मूल बांधून, रात्रीची मेकाँग नदी ओलांडून इकडे आल्या, त्यांच्या एकाही गावाचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही. बाबा पहिल्या बाकावर ताठ बसून होते.

रात्री चहा घेऊन त्यांच्याकडे गेलो. चुलीपाशी एकटेच होते. केंग खाली काढलेला, मांडीवर. तोंडाला लावला नव्हता. पण दोन्ही हातांची बोटं भोकांवरून फिरत होती, सरावाने, न चुकता, कितीतरी वेळ. आवाज काहीच नाही. मी दारातच थांबलो. मध्येच बोटं थबकली, मग पुन्हा सुरू झाली. माझी खात्री आहे, तेव्हा ते नदी ओलांडत होते.

दोस्ता, ही मंडळी माझी आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे, पण इथं ती चुकते आहे असं मला वाटतं. बळी आणि भीती जायलाच हवी होती. केंग का जावा? आपल्याकडेही आधी बहुतेक इंग्रजी चालीच होत्या. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगणाऱ्या त्या माणसाने टाळ, कीर्तन, अभंग यांना देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मानाची जागा मिळवून दिली. टाळ वाजला म्हणून माझ्या आजोबांची श्रद्धा कमी झाली नाही. उलट त्यांना आपल्या आवाजात रडता आलं. बर्त्रे फादरांनीही हमोंगांची लग्नाची, मयतीची गाणी आयुष्यभर टिपून ठेवली. टाकून देण्यासारखी वाटली असती तर टिपली असती का?

परवा हे सगळं पाळकांशी बोललो. रागावले नाहीत. म्हणाले, माझ्या लहानपणी तो आवाज आला की आई आम्हाला घरात कोंडून घ्यायची, मला अजून काटा येतो. त्यावर मी काय बोलणार? ती भीती त्यांनी भोगली आहे, मी नाही. बराच वेळ गप्प बसलो. मग त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे देवळात काय वाजतं? मी तोंडाने टाळ वाजवून दाखवला, पण तसं काही कळत नाही.

म्हणून एक काम कर. येत्या रविवारी आमच्या देवळात जा. मागच्या बाकावर बसलास तरी चालेल, तुला सगळे ओळखतात. भजन सुरू झालं की फोनवर ध्वनिमुद्रण कर, पखवाज आणि टाळ नीट येतील असं, आणि मला पाठव. पाळकांना ऐकवायचं आहे. आणि बाबांनाही, त्यांच्या चुलीपाशी बसून.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच