तेलाचा डबा बंद केलाय, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

येत्या एक तारखेला दुकानातून तेलाचा पंधरा किलोचा डबा येणार नाही. मीच फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी दर महिन्याला एकेक लिटरच्या दोन पिशव्या येतील. पैसे मी भरलेत. बाबा, "इतक्या वर्षांचं खातं, तो काय म्हणेल" हे तुमच्या ओठांवर आलं असेल. तो काही म्हणाला नाही. उलट, आमच्याकडेही आता पिशवीच आणतो म्हणाला.

डबा यायचा तेव्हा घरात आजी होती, काका होते, आम्ही दोघं होतो आणि दर आठवड्याला कुणीतरी मुक्कामाला. आता तुम्ही दोघंच, आणि डबा मात्र तेवढाच. भरलेला डबा समोर असला की पळी कोण मोजतं? दोघांत दोन लिटर म्हणजे माणशी रोजचं साधारण तीस ग्रॅम पडतं, चहाचे सहा-साडेसहा चमचे. फोडणी, भाजी, थालीपीठ, सगळं त्यात बसतं. मी इथे वर्षभर तेवढ्यातच करतेय आणि जावई जेवताना कुरकुरत नाहीत (त्यांचं कुरकुरणं तुम्हाला माहीतच आहे). दिवाळीला चकली-चिवड्यासाठी जादा तेल मी स्वतः घेऊन येणार आहे, त्याची काळजी नको.

आई, तुझ्या हाताला कुणी नावं ठेवत नाहीये. भरल्या वांग्यावर तवंग दिसला नाही तर बाबांना ते कच्चं वाटतं, म्हणून तू ओततेस, ठाऊक आहे मला. पण कूट आपलं तेल सोडतंच. मंद आचेवर ठेवायचं आणि झाकणात पाणी घालायचं. हे तुझंच, मी नवीन काय सांगणार! तूप-मेतकूट-भात, रात्रीची ज्वारीची भाकरी, यातलं काहीही मी बंद केलेलं नाही. फक्त ताटात आधी उसळ आणि कोशिंबीर येऊ दे, भात मागून. अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या सूचनांत सांगितलंय. आपल्याकडे भाजी वाटीत आणि भात ताटभर, तेवढं उलटं करायचं.

बाबा, आता तुमचं. साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केलात, त्याचं आईला फार कौतुक. पण रक्तात गेला की गूळही साखरच होतो. चहासोबतच्या त्या "डायजेस्टिव्ह" बिस्किटांचा पुडा उलटा करून वाचा. जे सर्वांत जास्त असतं ते आधी लिहिलेलं असतं. मैदा, तेल, साखर कितव्या नंबरावर आहेत ते मला फोनवर सांगा. त्यापेक्षा फुटाणे खा. मी शाळेतून यायचे तेव्हा तुम्ही डाळिंबाचे दाणे सोडवून वाटीत ठेवलेले असायचे, स्वतः एक दाणा तोंडात टाकायचा नाहीत. आता तसेच स्वतःसाठी सोडवा. रस मात्र काढू नका.

मीठ दोघांनीही मनावर घ्या. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. पापडखाराचाही हिशोब त्यातच. शेजारच्या काकूंचं ऐकून ते कमी सोडियमचं मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या बीपीच्या गोळीबरोबर ते वाढू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

संकष्टीचं मी लिहू की नको, असा विचार करत होते. बाबा, उपास सोडा असं मी म्हणत नाही. पण साखर खाली आणणारी गोळी सकाळी घ्यायची आणि चंद्रोदयापर्यंत चहावर राहायचं, हे मला भीतीदायक वाटतं. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि मग साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी नि दही घ्या. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं. आई, तू जेवणावर लगेच चहा घेतेस, त्यानं पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर थांब, आणि भाजीवर लिंबू पिळ. तुझं हिमोग्लोबिन सुधारायला तेवढं तरी कर. मग चहा घे निवांत, आल्याचा, तुझ्या त्या मोठ्या कपात.

मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपण शाकाहारी, म्हणून बाबांची तीही तपासणी या वेळी लिहून घेतलीय. सोमवारी सकाळी सातला रक्त घ्यायला मुलगा घरी येईल. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही. आई, बाबांनी कितीही मागितला तरी तो येऊन जाईपर्यंत चहा टाकू नकोस.

तुमची,
चिऊ