मशीन कपाटातून बाहेर काढ, दादा

लंडन

ती. दादा,
शि. सा. नमस्कार.

परवा वहिनीचा फोन आला होता. तू नाटकाला जाणं बंद केलंस म्हणाली. कानाचं मशीन घातलं की पेटीचा सूर थरथरतो, काढलं की संवाद कळत नाहीत, म्हणून ते सरळ कपाटात ठेवून दिलंस. ऐकून जिवाला फार लागलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभं केलं त्या सांगलीत राहतोस, आणि भावे नाट्यमंदिराची पायरी चढत नाहीस?

माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे, तुला ठाऊकच आहे. ते घालून मी इथे नाटकं बघते, आणि पोटभर बघते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या वयात आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स्वर जोरकस असतात, ते पोचतात. स, श, फ, त ही नाजूक व्यंजनं गळतात. ‘सात’ म्हटलं की ‘आत’ ऐकू येतं. नट बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मशीन ही व्यंजनं उचलून देतं, पण त्याचा माइक आपल्या कानावर आणि नट लांब रंगमंचावर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. नाट्यगृहात वर भिंतींचा घुमारा, शेजाऱ्याचा खोकला, वेफर्सची पुडी. मशीन तेही सगळं मोठं करतं.

इथे त्यावर इलाज आहे. वेस्ट एंडमधल्या एका जुन्या नाट्यगृहात मी गेले, तेव्हा दारातच कानाचं चित्र आणि त्याखाली ‘टी’ अशी निळी पाटी होती. काउंटरवरच्या मुलीने गळ्यात घालायची एक वायर दिली, खाली काडेपेटीपेक्षा जरा मोठा डबा. रंगमंचावरच्या माइकचा आवाज न दिसणाऱ्या प्रकाशकिरणांवरून त्या डब्यात येतो, वायरीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मशीनमधलं तारेचं बारीक वेटोळं, टी-कॉइल म्हणतात त्याला, ते पकडतं. मी बटण दाबलं, कानात दोनदा टिकटिक झालं आणि आजूबाजूचं सगळं गप्प. मग म्हातारी झालेल्या नटीने खुर्चीत बसताना सोडलेला उसासासुद्धा मला ऐकू आला! काही ठिकाणी वायर घालावी लागत नाही, प्रेक्षागृहाभोवतीच तशा वायरीचा वेढा, म्हणजे लूप, टाकलेला असतो. आणि ज्यांना तेवढ्यानेही भागत नाही त्यांच्यासाठी ठरावीक प्रयोगांना संवाद रंगमंचाच्या बाजूला पडद्यावर येतात. नॅशनल थिएटरने तर २०१८ मध्ये संवाद डोळ्यांसमोर दिसतील असे चष्मे आणले. माझ्या मते प्रत्येक नाट्यगृहात ही सोय असायलाच हवी. तिकिटाचे पैसे आपण सगळ्यांइतकेच देतो.

आता तुझ्या पेटीचं. मशीनने शिट्टी मारू नये म्हणून आत एक बंदोबस्त असतो. एकसारखा, लांबलेला सूर दिसला की तो त्याला शिट्टी समजून दाबायला जातो. पेटीचा धरलेला सूर त्याला तसाच वाटतो, म्हणून थरथर. तुझा कान बिघडलेला नाही आणि मशीनही नाही, फक्त ते गप्पांसाठी लावलेलं आहे. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जा आणि संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागून घे: शिट्टीचा बंदोबस्त सौम्य, गोंगाट कमी करणारी सोय बंद, आणि लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा दाब कमी. नाहीतर तानेतला चढउतार सपाट होतो. संगणकाला जोडून तिथल्या तिथे करून देतात. दुसरा प्रोग्रॅम गद्य नाटकासाठी, समोरचाच माइक जास्त चालेल असा. टी-कॉइल आहे का विचार. कित्येकदा मशीनमध्ये असतं, पण चालू करून दिलेलं नसतं.

लूप नसला तर रिमोट माइक मिळतो. व्यवस्थापकांना विचारून तो रंगमंचाच्या कडेला ठेवता येतो, आवाज थेट मशीनमध्ये येतो. तिकीट तिसऱ्या-चौथ्या रांगेतलं, मधलं काढ. नटाचे ओठ दिसले की निम्मं काम होतं. आणि पहिल्याच दिवशी तीन अंकी नाटकाला जाऊन बसू नकोस. आधी घरी रोज घाल, वहिनीच्या भांड्यांचा आवाज कर्कश वाटेल, तो मेंदूला सवयीचा होऊ दे.

तुझ्या ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाचा, आणि मशीनच्या डबीवरच्या नावाचा फोटो मन्याला सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. टी-कॉइल आहे की नाही ते मी बघून कळवते. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, मी सांगलीत असेन. तोवर प्रोग्रॅम लावून घे, तिकिटं मी काढते.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शालू