उद्याच्या सिम्युलेशनची आठवण

मंडळी, उद्याच्या सरावात समोर खऱ्या पेशंटऐवजी मॅनिकिन (माणसाचा पुतळा) आहे म्हणून हलक्यात घेऊ नका हं, औषध द्यायच्या आधी त्याचंही नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही मनगटावरच्या पट्टीशी जुळवायचे, बेड नंबर ओळख म्हणून चालत नाही (मागच्या बॅचचे बरेच जण इथेच अडकले!). ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल मुद्दाम ठेवणारोत. ती डायल्यूट न करता थेट शिरेत कधीच नाही, हृदय बंद पडू शकतं, त्यामुळे लेबल मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याकडून डबल चेक करून घ्या. चूक झाली तर लपवायची नाही, इथे कुणाला इजा होत नाही ना. खरं शिकणं नंतरच्या डिब्रीफिंगमध्येच (काय जमलं, काय चुकलं याची चर्चा) असतं, सो ते संपेपर्यंत कुणी पळायचं नाही. मार्क नाहीयेत.