पाटी बदलली, इंडेक्स तोच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुगल नको म्हणून दुसरं सर्च इंजिन वापरणारे बरेच जण आहेत, मी पण त्यातलाच, पण २३ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टचं बिंग काही तास बंद पडलं आणि त्याच्याबरोबर डकडकगो आणि इकोशियाही आडवे झाले तेव्हा लख्ख कळलं की पाट्या वेगवेगळ्या असल्या तरी मागचं गोदाम एकच होतं. पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर अशी सूची असते ना, तसा वेबचा इंडेक्स असतो, आणि तो ज्याच्याकडे स्वतःचा नाही त्याला स्वतंत्र म्हणायचं तरी कसं? पुढे ११ ऑगस्ट २०२५ ला मायक्रोसॉफ्टने बिंगचा सर्च एपीआय, म्हणजे दुसऱ्या सेवांना बिंगचे रिझल्ट पुरवणारी सोय, बंद केला, त्यावर उभ्या असलेल्या छोट्या सर्च सेवांच्या पायाखालची जमीनच गेली.

सर्क्सएनजी या सर्च सॉफ्टवेअरबद्दलही हेच सांगावंसं वाटतं. ते स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, कोण काय शोधतंय ते मोठ्या कंपन्यांपासून लपवतं, मी रोज वापरतो. पण उत्तरं शेवटी दुसऱ्यांकडूनच आणतं.

खरा वेगळा प्रयत्न म्हणजे यासी हे सर्च इंजिन, २००३ पासून चालू आहे. यात मधला सर्व्हरच नाही, प्रत्येकाचा कॉम्प्युटर थोडी थोडी पानं क्रॉल करतो, म्हणजे साइट्सवर फिरून वाचून घेतो, आणि शब्दांची सूची सगळ्यांमध्ये वाटलेली असते. मी काही महिने नोड, म्हणजे त्यातला एक कॉम्प्युटर, चालवला. खरं सांगायचं तर रिझल्ट हळू येतात आणि बरेचदा कामाचे नसतात, आणि हे का होतं ते समजून घेतलं पाहिजे, नुसतं "चालत नाही" म्हणून सोडून देऊ नये. एक शब्द शोधला तर सोपं आहे, पण दोन शब्द टाकले की एकाची यादी एका कॉम्प्युटरवर, दुसऱ्याची भलत्याच, मग त्या नेटवरून जुळवायच्या, त्यात एखाद्याने मशीन बंद केलेलं, एखाद्याचं कनेक्शन स्लो. शिवाय कोणीही सामील होऊ शकतं म्हणजे स्पॅमवालाही होऊ शकतो, आणि कुठलं पान वर दाखवायचं हे ठरवणारं मध्ये कोणी नाही. माझ्या मते खरी अडचण ही रँकिंगची आहे, क्रॉलिंगची नाही.

म्हणून मला वाटतं अख्खा वेब एकट्याने धरायचा हट्ट सोडावा. मार्जिनेलिया हे सर्च इंजिन बघा, स्वीडनमधल्या एका डेव्हलपरने घरच्या मशीनवर सुरू केलं, त्याचा भर मजकूर असलेल्या बिगर-व्यापारी साइट्सवर आहे, आणि त्यात अशी जुनी पानं सापडतात की जी मोठ्या इंजिनात दहाव्या पानावरही दिसत नाहीत. विषयवार असे छोटे इंडेक्स बनले आणि एकमेकांना विचारू लागले तर काम होईल. कच्चा माल तर आहेच, कॉमन क्रॉल ही ना-नफा संस्था २००७ पासून अब्जावधी पानं जमवून फुकट देते. युरोपात २०२२ मध्ये १४ संस्थांनी मिळून ८५ लाख युरोच्या निधीवर खुला वेब इंडेक्स बनवायला घेतला. समोर गुगलने नुसतं फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून लावलेलं (डिफॉल्ट) सर्च इंजिन राहण्यासाठी २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. पैशात बरोबरी होणार नाही हे उघड आहे, पण इंडेक्स सामायिक असला तर प्रत्येकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

मात्र एक दार आता बंद होत चाललंय त्याची मला फार काळजी वाटते. एआयचे बॉट साइट्सवर तुटून पडतात म्हणून बऱ्याच साइटवाल्यांनी सगळ्याच अनोळखी क्रॉलर्सना अडवलंय, फक्त गुगल आणि बिंगला आत सोडतात, त्यात नियम पाळून हळू क्रॉल करणारा बिचारा छोटा सर्च इंजिनवालाही बाहेर राहतो. ज्यांची स्वतःची साइट आहे त्यांना कळकळीची विनंती, आपली रोबोट्स फाइल (कुठल्या क्रॉलरने यायचं ते सांगणारी) आणि फायरवॉलचे नियम एकदा उघडून बघा, मोजीक (हेही स्वतःचा इंडेक्स असलेलं छोटं सर्च इंजिन) आणि मार्जिनेलियाच्या क्रॉलर्सना नावाने परवानगी द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक नियमित वाचक